सगळ्यांत मऊ गव्हाणी

आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचे चार आठवडे, लागला की आमच्या चर्चच्या मोबाईल ग्रुपवर रोज सकाळी त्या दिवसाचं शास्त्रवाचन येतं. खाली दोन ओळींचं चिंतन असतं, आणि त्याखाली पन्नास जणांचे जोडलेले हात. वाचून हात जोडतात की हात जोडून सुटतात, ते देवालाच ठाऊक. मीही जोडते, उगाच खोटं कशाला सांगू. पण तिसऱ्या रविवारचं वाचन आलं की माझा अंगठा अडतो. सून विचारते, "मम्मी, नेट गेलं का?" मी म्हणते, नेट आहे गं, माझंच जरा अडलंय. ती हसते नि कामाला लागते. तिला वाटतं, म्हातारीला मोबाईल जमत नाही. जमतो सगळा. जे जमलं नाही ते फार जुनं आहे, आणि ते एकदाचं लिहून टाकायचं म्हणून हे प्रकरण.

आमचं गाव खाडीच्या तोंडाशी, किल्ल्याच्या पायथ्याला. समोर रेवदंडा, बाजार चौलला. गावात आमची ख्रिस्ती घरं एका अंगाला, एकाला एक चिकटून. अंगणात सुकट वाळत घातलेली आणि कुंपणाच्या कडेने माड. घरात आम्ही आमची पोर्तुगीज मुळाची बोली बोलायचो. ती आता किती जणांच्या तोंडी उरलीय ते विचारू नका, माझ्या नातवंडांना तर त्या बोलीत फक्त जेवायला बोलावलेलं कळतं. म्हणून इथे माणसं जे बोलली ते मी मराठीतच लिहिते आहे, चौलच्या बाजारात आम्ही बोलायचो त्या मराठीत. घरी आम्ही तिघं. पपा पूर्वी मुंबईला गोदीत होते, मग गावी परतून भातशेती आणि थोडी मासेमारी करत. माय घर सांभाळायची आणि घराइतकीच मलाही झाडून-पुसून ठेवायची. मी त्यांची एकुलती एक, फिलू, तेव्हा अकरा वर्षांची.

नाताळाआधीचे ते चार आठवडे माझ्या नाकात अजून आहेत. भात झोडून झालेलं असायचं, घराशेजारी पेंढ्याची उडवी रचलेली, तिचा उबदार कोरडा वास सगळ्या घरभर. माय भिंतींना चुना लावायची आणि त्या काळात हौसेचं काही खाऊ द्यायची नाही. मासळी साधी, चहा बिनसाखरेचा. पण त्याच दिवसांत शेवटच्या आठवड्यासाठी नारळ किसले जायचे, नारळ-गुळाचं दोदोल ढवळून ढवळून मायच्या मनगटाला गोळे यायचे आणि कुलकुल वळायला मला फणी दिली जायची. त्या फणीच्या दातांवर पिठाचा गोळा दाबून गुंडाळला की शंखासारखी नक्षी उठते. तळलेल्याला मात्र हात लावायचा नाही. "बाळ येशू आला न्हाय अजून, तू कुठली आली आधी?" माय म्हणायची. संध्याकाळी दिवेलागणीला पपा शास्त्र, म्हणजे बायबल, उघडत आणि मी मोठ्याने वाचायचे. यशया संदेष्टा सांगायचा, रानातून देवासाठी वाट काढा, खोलगट ते भरा, उंच ते सपाट करा. पपा डोळे मिटून ऐकत आणि मध्येच म्हणत, "वाट देवानं न्हाय, आपण करायची हाय. इसरू नको."

त्या वर्षी गावात एक सिस्टर आल्या होत्या. वसईकडच्या, बारीक, कडक इस्त्रीच्या, आणि मराठी अगदी पुस्तकातली. चर्चमध्ये सुरूच्या डहाळ्यांचं कडं करून त्यात तीन जांभळ्या आणि एक गुलाबी अशा मेणबत्त्या त्यांनीच पहिल्यांदा लावल्या. आम्हा मुलांना त्यांनी एक व्रत दिलं. बाळ येशू गोठ्यात जन्मला, म्हणून प्रत्येकाने घरी लाकडाची छोटी गव्हाणी करायची. रोज कुणाचं तरी एक भलं करायचं किंवा स्वतःचं एक सुख सोडायचं आणि त्याबद्दल रात्रीच्या प्रार्थनेनंतर गव्हाणीत पेंढ्याची एक काडी ठेवायची. नाताळाच्या आदल्या संध्याकाळी बाळ येशूला त्या पेंढ्यावर निजवायचं. जितक्या काड्या तितका बिछाना मऊ. अट एकच. कुणाला सांगायचं नाही. उजव्या हातानं केलेलं डाव्याला कळता कामा नये, असं प्रभूनं सांगितलंय, म्हणून. आमच्यातल्या एकीनं आजीचे पाय चेपल्याचं वर्गात बोलून दाखवलं, तर सिस्टरनी तिला घरी जाऊन ती काडी काढायला लावली. "जे जिभेवर आलं ते गव्हाणीत राहत नाही," असं त्या म्हणाल्या. ती पोर ढसाढसा रडली होती. मला मात्र ती अट फारच आवडली. एरवी माझ्या तोंडात तीळ भिजत नसे, तरी मी मनाशी ठरवलं, गावात सगळ्यांत मऊ गव्हाणी माझीच. पपांनी ती आंब्याच्या फळीतून करून दिली होती, चार पाय आणि दोन्ही बाजूंना कातरलेल्या कडा. देवघरातल्या क्रूसाखाली ती ठेवली होती.

पहिल्या चार दिवसांतच माझी घरातली पुण्यं संपली. मायला पाणी भरून देणं, लाकडं आणणं ही तशी रोजचीच कामं, त्यांच्या काड्या ठेवताना मलाच लाज वाटायला लागली. मग मला रोझा आत्या आठवली.

रोझा आत्या पपांची थोरली बहीण. विधवा, मूलबाळ नाही, गावाच्या दुसऱ्या टोकाला चिंचेखालच्या घरात एकटी. आमच्या घरापासून पंधरा मिनिटांची वाट. पण त्या वाटेने आमच्याकडून कुणी जात नसे. माझी आजी वारली तेव्हा मी पाळण्यात होते आणि आम्ही तिघंही मुंबईला. आजी पहाटे गेली, दुसऱ्या दिवशी सकाळी माती दिली. पपांना तार मिळाली ती मातीच्या वेळेला, आणि ते लाँच पकडून पोचले तोवर आईच्या जागी ओल्या मातीचा ढीग. आत्या सांगायची, मी तर पहाटेच तार केली, पोस्टानं उशीर केला त्याला मी काय करू. पपा एवढंच म्हणाले होते, "माझ्यासाठी थांबली न्हायस." त्यानंतर दहा वर्षं बहीणभाऊ एकाच चर्चमध्ये, एकाच मिस्सेला, म्हणजे रविवारच्या उपासनेला, एक उजव्या रांगेत नि एक डाव्या. एकमेकांना शांतीचा नमस्कार करायची वेळ आली की पपा मागे वळून परक्यांना नमस्कार करायचे, पलीकडच्या रांगेतल्या बहिणीला नाही.

मी गेले ती चोरूनच. शाळा सुटली की चिंचेकडून वळायचं. आत्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, मला तिनं आवाजावरूनच ओळखलं. "इनासची पोर ना तू? ये, ये." मी तिची घागर भरून दिली. तिनं गूळखोबरं पुढे केलं, मी नको म्हटलं, कारण नको म्हटलं की दुसरी काडी. मग तिनं कोनाड्यातून आजीचं शास्त्र काढलं, पानांना कसर लागलेलं, आणि म्हणाली, "मला दिसत न्हाय गं. आजचं वाचशील?" मी वाचलं. ती तिसरी काडी. मी तिथे जवळजवळ तीन आठवडे रोज गेले आणि रोज तीन काड्या घेऊन आले. आज मला त्या घराचा वास आठवतो, नारळाच्या शेंडीच्या धुराचा आणि सुक्या बोंबलांचा, आणि ती ऐकताना पुढेमागे कशी डोलायची तेही. पण खरं सांगायचं तर तेव्हा मी तिच्याकडे धड पाहिलंच नाही. मी काड्या मोजत होते.

तिसरा रविवार आला. त्या दिवशी चर्चमध्ये गुलाबी मेणबत्ती लागते, आनंदाचा रविवार म्हणतात त्याला. दुपारी मी आत्याकडे गेले. दिवसाचं वाचन झाल्यावर ती म्हणाली, "आता दुसरं एक वाच. वेदीपाशी दान आणलं नि तिथं आठवलं की भावाचं आपल्याबद्दल मन दुखावलंय, ते." मी मत्तयाच्या शुभवर्तमानात ते शोधून काढलं. दान तिथेच ठेव, आधी जा, भावाशी समेट कर, मग ये, असं ते आहे. मी खड्या आवाजात, सिस्टरना आवडेल असं वाचलं. आत्यानं माझ्या हातातून शास्त्र घेऊन मिटलं.

मग म्हणाली, "फिलू, माझं एक काम कर. इनासला सांग, नाताळच्या मिस्सेआधी एकदा येऊन जा म्हणावं. मला त्याला सांगायचं हाय."

"काय सांगायचंय?"

"तार मी पहाटे केली न्हवती." तिनं डोळे पुसले, पाणी होतं की मोतीबिंदूचं चोळणं, मला कळलं नाही. "सांजेला केली. पाच वरसं आयला मी उचलली, बसवली, धुतली. हा महिन्याला मनीऑर्डर पाठवायचा. वाटलं, आता खांदा द्यायला तेवढा येणार नि लोक म्हणणार, बघा कसा लेक! म्हटलं, बस तिकडंच. आणि मग सगळ्यांना पोस्टाचं नाव सांगत सुटले. ताकाला जाऊन भांडं किती वरसं लपवू? कुमसारात फादरला सांगून झालंय. पण फादरचं काय? ज्याचं त्याला सांगायला नको?" कुमसार म्हणजे आमच्यात पापांची कबुली. "मला चालवत न्हाय तिथवर. त्याला म्हणावं, तू ये. आजचं उद्या करू नको."

मी हो म्हटलं आणि निघाले. पंधरा मिनिटांच्या वाटेवर माझा वेग हळूहळू कमी होत गेला. पपांना निरोप द्यायचा म्हणजे मी तिथे जात होते हे सांगायचं. सांगितलं की ते जिभेवर आलं. आणि जिभेवर आलं की गव्हाणीतून निघालं, एक नाही, दोन नाही, तीसेक काड्या, माझ्या गव्हाणीचं जवळजवळ सगळंच. पुढे आयुष्यात मी कधी कधी स्वतःला समजावलं की मी पपांच्या रागाला भ्याले. तसं नव्हतं. पपांनी मला कधी बोट लावलं नव्हतं. मला काड्या हव्या होत्या, एवढंच. मी हिशेब केला की बाळ येशूला एकदा पेंढ्यावर निजवलं की मग काड्या कोण काढणार? तेव्हा सांगू. नाताळाच्या आदल्या संध्याकाळी सांगू, मिस्सेच्या आधी, म्हणजे आत्याचाही शब्द राहिला आणि माझीही गव्हाणी. शास्त्रातलं एक वचन मी आत्याला वाचून दाखवलं होतं आणि त्या उजव्या-डाव्या हाताच्या दुसऱ्या वचनाच्या आड लपून बसले.

दुसऱ्या दिवशी आत्या दारातच उभी. "काय म्हणाला?"

आणि मी म्हटलं, "येतो म्हणाले. नाताळच्या आधी."

मला वाटलं, हे तर खरंच होणार आहे, फक्त मी थोडं आधी सांगितलं. आत्याचा चेहरा असा काही उजळला की त्या दिवशी घागर मी दोनदा भरली. त्यानंतर तिनं शेजारच्या बाईकडून अंगण सारवून घेतलं. ट्रंकेतली लग्नातली शाल काढून उन्हात टाकली. डोळ्यांनी दिसत नसताना हाताच्या अंदाजानं नेवऱ्या केल्या, आमच्या करंज्या, सारण बाहेर आलेल्या, वाकड्यातिकड्या. "इनासला लहानपणी आयच्या नेवऱ्या आवडायच्या," म्हणाली. आणि घरातली एकुलती एक हाताची खुर्ची तिनं ओढत ओढत ओट्यावर आणून रस्त्याकडे तोंड करून ठेवली. रोज विचारायची, "आज येल का?" मी म्हणायचे, "भात विकायला चौलला गेलेत." "आज?" "आज जाळं दुरुस्त करतायत." खोटं बोलल्याची काडी काढायची असा काही नियम सिस्टरनी सांगितला नव्हता.

नाताळाच्या दोन दिवस आधी, दुपारी, चर्चची घंटा वाजली. एकेक ठोका, सावकाश. माय दोदोल थाळ्यात ओतत होती, तिचा हात तसाच थांबला. शेजारची बाई कुंपणावरून ओरडली, "रोझाबाय गेली गं! ओट्यावर बसली होती, तिथंच." पपा पेंढ्याच्या उडवीपाशी होते. त्यांनी विळा खाली ठेवला, हात धुतले, आणि दहा वर्षांत पहिल्यांदा चिंचेच्या वाटेला लागले. माय नि मी मागे. आत्याला आत बाजेवर ठेवली होती, अंगावर ती शाल. ओट्यावर खुर्ची होती तिथेच होती, तिच्याजवळ पाटावर थाळी, वर फडकं. शेजारीण रडत सांगत होती, "रोज सकाळपासून खुर्ची मांडून खाली बसायची. मला बसू दिली न्हाय तिनं कधी त्यात. कुणाची वाट बघत होती कोण जाणे." पपांनी त्या खुर्चीकडे पाहिलं आणि खुर्चीला वळसा घालून आत गेले.

माती दुसऱ्या दिवशी सकाळी दिली. खांदा पपांनी दिला, सगळी वाट, कुणाला बदलू दिलं नाही. परत येताना दफनभूमीच्या भिंतीपाशी ते मायला म्हणाले, आणि मी त्यांचा हात धरून चालत होते, "मेली, पण मला हाक न्हाय मारली तिनं." तेव्हा सांगता आलं असतं. त्यांच्या बोटांची पकड घट्ट होती आणि मला वाटलं, मी बोलले की ती सुटेल.

त्या संध्याकाळी सिस्टर घरोघर गव्हाण्या पाहत आल्या. आमच्याकडे त्यांनी गुडघे टेकून पेंढा हाताने दाबून पाहिला. "फिलोमिना, गावात सगळ्यांत मऊ गव्हाणी तुझी," म्हणाल्या. माय सुतकातही हसली. मग पपांनी बाळ येशूची मातीची मूर्ती कापडातून काढली आणि त्या पेंढ्यावर निजवली. ती अर्धी बुडाली, इतका पेंढा होता. माझ्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले, "निदान ह्या घरात तरी देवाला जागा झाली." मी ठरवलेली वेळ हीच होती. निजवून झालं होतं, आता काड्या कोणी काढणार नव्हतं. मी बाहेर जाऊन उडवीआड बसले आणि मायने हाक मारेपर्यंत उठले नाही. कुलकुल खाल्ले नाहीत त्या वर्षी. मायला वाटलं, पोरीनं व्रत लांबवलंय.

वर्षं कशी जातात ते लिहिण्यासारखं नाही. लग्न झालं, पनवेलला संसार झाला, माय गेली. दर आगमनकाळात मी कुमसाराला बसायचे आणि पापं सांगायचे, जाऊबाईंवर चिडले, मिस्सा चुकवली, असली किरकोळ. हे एक सोडून. म्हणजे आत्या तिचं पाप निदान फादरला सांगून मोकळी झाली होती, माझं मला चाळीस वर्षांत तेवढंही सांगता आलं नाही. शेवटी एकदा सांगितलं, एका अगदी तरुण फादरना, माझ्या मुलापेक्षा लहान. मला वाटलं, दहा प्रार्थना म्हणायला सांगतील आणि सुटेन. ते म्हणाले, "बाई, वडील आहेत का?" म्हटलं, आहेत, ऐंशीला टेकलेत. "मग मला सांगून भागायचं नाही. त्यांना सांगा, आणि मग या." पोरानं मला माझंच वचन वाचून दाखवलं.

मी गावी गेले. नाताळाला आठवडा होता. पपा ओसरीवर उन्हात बसले होते, कान शाबूत, नजर गेलेली, आत्यासारखीच. मी जवळ पाटावर बसले आणि सगळं सांगितलं. काड्या, घागर, निरोप, येतो म्हणाले ते खोटं, सगळं. थांबले असते तर पुन्हा सुरू झालं नसतं, म्हणून थांबले नाही. पपा हातातली माळ फिरवत होते ती थांबली.

"कुठल्या दिवशी सांगितलंन तुला?"

"गुलाबी मेणबत्तीच्या रविवारी."

ते बोटांच्या पेरांवर मोजायला लागले, सोम, मंगळ, बुध, ओठ हलवत. "म्हणजे नऊ दिवस हुते," म्हणाले.

मी तारेचंही सांगितलं. आत्यानं मुद्दाम संध्याकाळी केली होती, तिला तेच सांगायचं होतं. पपांनी मान हलवली. "ते ठाऊक हुतं मला. तारेच्या कागदावर टाकल्याची येळ असते, पोरी. तुझी माय पाळण्याशी बसली हुती तेव्हाच मी ती वाचली हुती. मला काय, माफी बी नको हुती. तिनं तोंडानं म्हणावं एवढंच. दहा वरसं वाट बघितली."

मी रडत होते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही आणि मला दूरही केलं नाही. तार उशिरा करणारी आमच्या घरात आत्या पहिली, दुसरी मी. आणि आत्याला निदान सांगायचं सुचलं होतं. अंगणात कुणाची तरी कोंबडी पेंढा उकरत होती, ती त्यांनी "हुश" म्हणून हाकलली. मग त्यांनी मान मागे भिंतीला टेकवली. मला वाटलं, डुलकी लागली. मी उठणार तेवढ्यात त्यांनी चेहरा माझ्याकडे वळवला, त्या न दिसणाऱ्या डोळ्यांनी.

"फिलू," ते म्हणाले, "ती ओट्यावरची खुर्ची. ती माझ्यासाठी मांडली हुती व्हय?"

मी म्हटलं, "व्हय, पपा."